अमळनेरच्या उन्हात स्पेक्ट्रम प्लस : नऊ महिन्यांनंतर

नऊ महिने झाले. मधले सतरा दिवस सोडले तर मशीन, म्हणजे जुने खेळ खेळायला घेतलेला हा जुना घरगुती संगणक, चालू आहे. ते सतरा दिवस माझ्याच गाढवपणाचे, ते पुढे सांगतो.

घेतलं ते डीबी स्पेक्ट्रम प्लस. इंग्लंडच्या सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लस डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात काढला होता, तो हा. आत झेड-८० प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ, मेमरी ४८ के, म्हणजे ४८ किलोबाइट. सकाळी घरच्या ग्रुपवर येणारा गुलाबाच्या फुलाचा एक फोटोसुद्धा या ४८ के मध्ये मावणार नाही. पुण्याच्या एका निवृत्त इंजिनिअरांच्या माळ्यावरून साडेनऊ हजारांना मिळाला, सोबत चौदा कॅसेट आणि एक अ‍ॅडॉप्टर. अ‍ॅडॉप्टर मेलेला होता, हे मला घरी आल्यावर कळलं.

खरं तर मला हवा होता कमोडोर ६४. जुने खेळ खेळायचे म्हणून कागदावर तुलना केली तर तोच जिंकतो. कमोडोर आणि मूळ स्पेक्ट्रम दोन्ही १९८२ सालचे, पण कमोडोरला ६४ के मेमरी, आठ हार्डवेअर स्प्राइट (चिपच स्वतः पडद्यावर हलवते अशी चित्रं) आणि 'सिड' नावाची आवाजाची चिप, जिचे तीन सूर आजही कान देऊन ऐकावेत असे. स्पेक्ट्रमकडे यातलं काहीच नाही. आवाज म्हणजे पोटातला एक बीपर. रंगांचं तर विचारूच नका: ८ बाय ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत फक्त दोन रंग. लाल माणूस हिरव्या झाडासमोरून गेला की एक तर झाड लाल होतं, नाहीतर माणूस हिरवा.

मग घेतला का नाही? कमोडोरचा मूळ वीजपुरवठा म्हणजे राळ ओतून बंद केलेली वीट. आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, म्हातारा झाला की गुपचूप बंद पडत नाही, तो जास्त व्होल्ट सोडायला लागतो आणि मेमरीच्या चिपा घेऊन जातो. वीट उघडून दुरुस्त करता येत नाही. नवा, सुरक्षित पुरवठा परदेशातून मागवावा लागतो. तोही मागवला असता, पण मला मशीन मिळत होतं ते न्यू जर्सीच्या मेहुण्याकडून, आणि तिथेच घोडं अडलं. अमेरिकेतला कमोडोर तिथल्या टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीचा, ६० हर्ट्झचा, आणि त्याची वीट ११० व्होल्टची. आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल आणि ५० हर्ट्झ. युरोपात लिहिलेले कित्येक खेळ पालच्या वेळेवर बेतलेले आहेत, एनटीएससी मशीनवर त्यांचं चित्र फाटतं किंवा खेळ अडकतो. प्रत्येकाचा कोणी ना कोणी अमेरिकेत असतोच, म्हणून मुद्दाम लिहितोय. फुकट मिळतंय म्हणून बॅगेत टाकून आणायला सांगू नका. इंग्लंडात कोणी असेल तर गोष्ट वेगळी.

बाकीच्या जुन्या संगणकांचं थोडक्यात. बीबीसी मायक्रोवर माझा जीव आहे. शाळांत संगणक शिकवण्याच्या सरकारच्या 'क्लास' योजनेत १९८४ पासून देशातल्या काही निवडक शाळांना ते मिळाले होते, आणि नाशिकला मावसभावाच्या शाळेत बूट बाहेर काढून, पाय पुसून त्या खोलीत दहा मिनिटं बसल्याचं मला अजून आठवतं. पण ती माया. त्याच्या पॉवर सप्लायमधले जुने फिल्टर कपॅसिटर तडकतात आणि घरभर धूर करतात, आणि खेळ स्पेक्ट्रमच्या मानाने थोडे. अ‍ॅमस्ट्रॅड ४६४ चांगला, पण त्याला वीज त्याच्याच मॉनिटरमधून मिळते, म्हणजे मॉनिटरही आणायचा. अमिगा ५०० फार वरच्या दर्जाचा, पण त्याच्या फ्लॉपींना बुरशी धरली की संपलं. शोकेसमध्ये ठेवायला छान दिसणारा 'सी-६४ मिनी' मिळतो, त्याच्या कळा नुसत्या शोभेच्या, दाबल्या जात नाहीत. माझ्या मुलीने दुकानातला फोटो पाहून विचारलं, "मग कीबोर्ड कशाला लावलाय?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता वापराबद्दल.

पहिली अडचण चित्राची. मशीनमधून टीव्हीला जातं ते अँटेनाचं आरएफ सिग्नल, आणि हॉलमधला नवा एलईडी टीव्ही ते पकडायलाच तयार नाही. यावर उपाय सोपा आहे. चित्राचं अँटेनाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या आतल्या मॉड्युलेटरची जोडणी सोडवायची आणि कंपोझिट व्हिडिओ, म्हणजे रूपांतराआधीचं साधं चित्र, सरळ त्याच गोल आरसीए सॉकेटवर आणायचा. सोल्डरिंग येणाऱ्याला अर्ध्या तासाचं काम. चित्र आलं, स्वच्छ आलं, पण मुलगी 'मॅनिक मायनर' खेळायला बसली आणि चिडली. कळ दाबली की उडी उशिरा. तो १९८३ चा खेळ, वीस गुहा, आणि प्रत्येक उडी ठिपक्याच्या हिशेबाने. नवा टीव्ही जुनं चित्र स्वतःच्या पडद्याएवढं ताणायला क्षणभर वेळ घेतो, तेवढ्यात माणूस खड्ड्यात. मला वाटलं पोरीचीच चूक, वयाचा फरक वगैरे. नाही. भंगारवाल्याकडून तीनशे रुपयांत २१ इंची डबा टीव्ही आणला, त्यावर पहिल्याच संध्याकाळी ती सातव्या गुहेत पोचली. टीव्ही उचलताना माझी कंबर धरली आणि बायकोने तो हॉलमध्ये ठेवू दिला नाही, म्हणून आता गव्हाच्या कोठीशेजारी आमचं गेमिंग पार्लर आहे.

दुसरी गोष्ट लोडिंगची. चौदापैकी नऊ कॅसेट चालल्या, तेही टेपच्या हेडचा बारीक स्क्रू अर्धा-पाव वळसा फिरवत कर्कश आवाज सापडल्यावर. पुढे पुढे जुना मोबाइल वापरला. खेळाची फाइल आवाजात बदलून देणारी अ‍ॅप आहेत, हेडफोनच्या भोकातून वायर मशीनच्या 'इअर' सॉकेटला, आवाज जवळजवळ पूर्ण. नव्या मोबाइलला ते भोकच नसतं, म्हणून आईचा जुना फोन जप्त केला. 'जे' दाबलं की 'लोड' हा अख्खा शब्द उमटतो, मग अवतरणचिन्ह दोनदा, एंटर, आणि पडद्याच्या कडेला आधी लाल-निळसर जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक. ४८ के चा खेळ चढायला पाचेक मिनिटं. पहिल्यांदा तो आवाज ऐकून आई देवघरातून बाहेर आली. "हाई काय शे रे, पीठनी गिरणी का?"

चौथ्या मिनिटाला लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, पण त्याच्या बदलीला जो पापणी लवण्याइतका वेळ लागतो तेवढ्यात स्पेक्ट्रमला विस्मरण होतं. पंख्याला कळतही नाही, याला कळतं. शेवटी डेस्कटॉपचा जुना यूपीएस काढून त्यावर लावला.

चौथ्या महिन्यात एसडी कार्डवरून खेळ चढवणारं डिव्ह-एमएमसी मागवलं, कस्टमसकट साडेपाच हजारांना पडलं. आता खेळ डोळे मिटून उघडेपर्यंत चालू होतो आणि जॉयस्टिकही त्यालाच लागते, कारण स्पेक्ट्रमला स्वतःचं जॉयस्टिकचं सॉकेट नाही. सोय प्रचंड. फक्त एक झालं: पाच मिनिटं वाट पाहून चढलेला खेळ मुलगी तासभर सोडायची नाही, आता दहा मिनिटांत सहा खेळ बदलते. मी अजून कधीकधी एकटा असलो की मोबाइलवरूनच चढवतो. हे उपकरण मशीनच्या मागच्या उघड्या पट्टीवर बसतं. तिथली धूळ स्पिरिटने पुसून घ्या आणि मशीन चालू असताना ते कधीही काढू-घालू नका. हललं तरी चिप जाऊ शकते.

आता ते सतरा दिवस. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात, पण पिनच्या मध्यभागी ऋण. आपल्याकडे बाजारात मिळणारे बहुतेक अ‍ॅडॉप्टर, राउटरचे धरून, मध्यभागी धन. मेलेल्या अ‍ॅडॉप्टरच्या जागी मी बरोबर मध्य-ऋण पुरवठा करून घेतला होता. सहा महिने नीट चालला. एका रविवारी तो सापडेना, राउटरचा समोर दिसला, ९ व्होल्ट लिहिलेलं दिसलं, पिन बसली. मी फिजिक्स शिकवतो, हे इथे लिहायला लाज वाटते. पडद्यावर चालू करताच उमटणारी १९८२ ची ती ओळखीची ओळ यायच्या ऐवजी नुसते उभे पट्टे. एक करपट वास.

जळगावला गोलाणी मार्केटपर्यंत जाऊन आलो. मोबाइलवाल्यांनी मशीन उलटंपालटं करून परत दिलं. मग आमच्याच गल्लीच्या तोंडाशी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे नाना आहेत, त्यांच्याकडे नेलं. साठी उलटलेली, दुकानात आता मुख्यतः मिक्सर आणि कूलरच्या मोटारी. त्यांनी स्पेक्ट्रम कधी पाहिला नव्हता. झाकण उघडून दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "सर, हाऊ ते टेपरेकॉर्डरना भाऊबंद शे." मी सर्किट डायग्राम छापून दिला होता, तो त्यांनी चष्मा वर करून वाचला. याच्या खालच्या १६ के मेमरीतल्या ४११६ जातीच्या चिपांना तीन वेगळे व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. नानांनी मीटर लावला, उणे ५ बेपत्ता. ते व्होल्टेज तयार करणाऱ्या भागातला टीआर-४ ट्रान्झिस्टर गेला होता आणि जाताना मेमरीची एक चिप सोबत घेऊन गेला होता. ट्रान्झिस्टर आणि चिप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवली, तीच यायला वेळ लागला. काम एका दुपारचं. मजुरी त्यांनी दोनशे सांगितली, मी पाचशे दिले, त्यांनी तीनशे परत केले.

माझी निवड बरोबर होती की नाही, हे मला त्या दुपारी नानांच्या बाकड्यावर बसून कळलं. या मशीनमध्ये ७८०५ रेग्युलेटर, साधे कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, पायांच्या चिपा. आपल्या तालुक्यातल्या माणसाच्या हाताखालून आयुष्यभर गेलेला माल. फक्त यूएलए नावाची एक खास चिप आहे, ती गेली तर गल्लीत इलाज नाही, बदली परदेशातून आणावी लागते. मशीन निवडताना तुम्ही खेळांच्या याद्या खुशाल बघा, पण गावात असा माणूस आहे का आणि त्याला ते मशीन उघडल्यावर ओळखू येईल का, हे त्याआधी बघा. पुण्या-मुंबईत राहत असाल आणि कमोडोर परवडत असेल तर माझं ऐकू नका, पालवाला कमोडोर घ्या. खेळ त्याचेच भारी, हे मी अजूनही म्हणतो.

नानांकडेच अजून दोन कामं करून घेतली. सगळे वाळलेले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलले. आणि तो ७८०५ काढला. तो ९ चे ५ व्होल्ट करताना वरचे ४ व्होल्ट नुसते उष्णतेत घालवतो, तीन-चार वॅट तरी. इंग्लंडच्या थंडीत ते चालून गेलं असेल. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात आणि खोलीतली भिंतच हाताला चटका देते. त्याच्या जागी छोटा स्विचिंग रेग्युलेटर बसवला, आता मशीन कोमट राहतं. तरी एप्रिलपासून आम्ही पहाटेच खेळायचो, साडेआठला बंद. कूलरच्या झोतात ठेवू नका, ओल धरते.

कीबोर्डची आतली पातळ प्लास्टिकची पट्टी वयाने कडक होऊन तुटते. माझी सातव्या महिन्यात गेली, 'ओ' आणि 'पी' एकदम मेले. आणि बहुतेक खेळात डावी-उजवी याच दोन कळा. नवी पट्टी तयार मिळते, बसवताना तिची शेपटी दुमडू देऊ नका.

कोणी म्हणेल, हे सगळं मोबाइलवर एमुलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या अ‍ॅपमध्ये, फुकट चालतं. चालतं, आणि चांगलं चालतं. नुसते खेळ खेळायचे असतील तर तेच करा. शेजारचे बँकवाले आप्पा रोज मला हेच सांगतात आणि रोज संध्याकाळी कोठीशेजारी येऊन बसतात. जाता जाता त्यांनीच आठवण करून दिली: आपल्या अमळनेरात १९४५ साली जी वनस्पती तुपाची कंपनी निघाली, ती विप्रो, तीच पुढे संगणक बनवायला लागली. डालड्याच्या धंद्यातून संगणक निघू शकतो तर गव्हाच्या कोठीशेजारी खेळायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं.

अ‍ॅडॉप्टरवर आता लाल नेलपॉलिशने लिहिलंय, "फक्त हाच". राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलंय, "बाबा, नाही". अक्षर मुलीचं, नेलपॉलिश तिच्या आईचं, आणि बाटलीचे पैसे माझ्या खात्यात मांडले गेलेत.