कॅनॉनिकल टॅग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एकच लेख चार पत्त्यांवर उघडत असेल, तर त्यातला मूळ (कॅनॉनिकल) पत्ता कोणता हे सर्च इंजिनला सांगणारी, पानाच्या एचटीएमएल कोडमधली एक ओळ म्हणजे हा टॅग. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने ती फेब्रुवारी २००९ मध्ये एकत्र जाहीर केली. यूटीएमची शेपटी (वाचक कुठून आला हे मोजायला पत्त्याच्या शेवटी जोडलेला मजकूर) लागलेल्या लिंकसाठी टॅग उत्तम चालतो, तिथे तक्रारीला जागा नाही.

कुरकुर सुरू होते ती गूगल या ओळीला फक्त विनंती मानतं म्हणून. टॅगमध्ये एक पत्ता, साइटमॅपमध्ये (सर्च इंजिनसाठीच्या पानांच्या यादीत) दुसरा, आणि साइटच्या आतल्या लिंक शेवटच्या स्लॅशशिवाय, असा घोळ असेल तर गूगल स्वतःच निवड करतं. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात, यूआरएल तपासणीत 'तुम्ही दिलेला' आणि 'गूगलने निवडलेला' असे दोन्ही कॅनॉनिकल दिसतात. ते जुळत नसतील तर टॅगशी झटापट करण्याआधी आतल्या लिंक आणि साइटमॅप दुरुस्त करा. बदल दिसायला पान पुन्हा क्रॉल व्हावं, म्हणजे गूगलने येऊन वाचावं लागतं, त्यामुळे रोज उघडून बघण्यात अर्थ नाही.

सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे दोन टॅग. वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतः एक टाकतं, एसईओ प्लगइन (शोधात वर येण्यासाठीची जोडणी) तो काढून आपला टाकतं, आणि थीमनेही (साइटच्या रूपाचा साचा) स्वतःचा घुसवलेला असतो. पत्ते वेगळे निघाले की दोन्ही दुर्लक्षित होण्याचीच शक्यता जास्त. पेज सोर्समध्ये (पानाच्या मूळ कोडमध्ये) 'canonical' शोधा. ओळ एकदाच आणि हेडमध्येच (कोडच्या सुरुवातीच्या, पानावर न दिसणाऱ्या भागात) हवी. हेडमध्ये एखाद्या ट्रॅकिंग कोडची इमेज किंवा आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) आधी आली, तर ब्राउझर हेड तिथेच संपलं असं धरतो आणि खालचा टॅग वाया जातो. हे डोळ्यांना पटकन दिसत नाही.

नक्कल पान रोबोट्स फाइलमधून (सर्च इंजिनने काय वाचू नये ते सांगणारी फाइल) अडवू नका. पान वाचताच आलं नाही, तर त्यातला टॅग दिसणार कसा? आर्काइव्हच्या (जुन्या लेखांच्या यादीच्या) दुसऱ्या-तिसऱ्या पानांचा कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे वळवणंही चूक. प्रत्येक पानाचा स्वतःकडेच हवा. एचटीटीपी-एचटीटीपीएस आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या-नसलेल्या पत्त्यांच्या जोड्या मात्र टॅगवर सोडू नयेत, तिथे सरळ ३०१ रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर कायमचं पाठवणं).

एरवी साध्या नकलेला 'दंड' वगैरे बसत नाही, ती भीती उगाच पसरली आहे. दुसऱ्या साइटवर पुन्हा छापलेल्या लेखासाठी टॅगचा भरवसा धरू नका; तिथल्या प्रतीला नोइंडेक्स ('शोधात दाखवू नका' अशी खूण) लावून घ्यावा, गूगलचाही सल्ला आता तोच आहे.