आर्मर बाहेर काढून बघितल्याशिवाय रायडिंग जॅकेटचे पैसे देऊ नका

कुर्ल्याच्या त्या दुकानात हँगरला लावलेल्या मेश जॅकेटचा कोपराचा खिसा उघडून दुकानदाराने मला आर्मर (पडल्यावर मार झेलणारा पॅड) दाखवलं. वजनदार, लवचीक, वर ठसठशीत सीईची (युरोपीय सुरक्षा मानकांची) खूण. 'लेव्हल टू आहे साहेब, बिनधास्त घ्या.' ते माप मला होत नव्हतं. पोरगा पोटमाळ्यावरून माझ्या मापाचं जॅकेट घेऊन आला, सीलबंद पिशवीत. डाव होता तो तिथेच. साडेसहा हजार रुपये, आणि बिल म्हणून चिठ्ठी: 'जॅकेट १ नग'.

मुंबईच्या घामात जॅकेट लवकरच धुवायला काढावं लागतं. धुण्याआधी पॅड काढले तर हातात आला साधा फोम, उशीत भरतात तसला. चिमटीत दाबला की बोटं एकमेकांना भिडतात. त्यावर एक अक्षर नाही. बाहीवर मात्र 'सीई' लिहिलेला रबरी बिल्ला ऐटीत शिवलेला. असा बिल्ला कुठलाही शिंपी लावून देईल.

खऱ्या आर्मरवरची खूण साच्यातच उमटवलेली असते किंवा पॅडवरच छापलेली असते: मोटरसायकलस्वाराचं चित्र, ईएन १६२१-१ हा युरोपीय मानकाचा क्रमांक, खांद्याला एस, कोपराला ई, गुडघ्याला के आणि शेजारी १ किंवा २. चाचणीत ५० ज्यूलचा तडाखा देतात. पलीकडे सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंतच जोर पोचला तर लेव्हल १; २० पर्यंतच असेल तर लेव्हल २, म्हणजे जास्त संरक्षण. पाठीचं मानक वेगळं, १६२१-२. तिथे तर चांगल्या कंपन्याही बऱ्याचदा फोमच देतात, पण तसं सांगून. दुकानदार तोही 'आर्मर' म्हणून मोजतात.

मी परत गेलो तर उत्तर तयारच होतं: 'पिशवी तुम्ही फोडली, आत काय होतं मला काय ठाऊक?' ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, पण चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं. तेव्हा जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर मॉडेल, आर्मरची लेव्हल लिहून मागा. लिहायला कां-कूं करणाऱ्याकडून माल घेऊच नका.

जॅकेटची शिलाई बरी निघाली, म्हणून आता त्यात वेगळे घेतलेले लेव्हल १ चे पॅड घातलेत. तुम्हीही तसं करणार असाल तर आधी खिशाचं माप कागदावर आखून न्या. पॅड खिशात सैल राहिला तर पडताना कोपरावरून सरकतो.