एमएक्स-५ चा क्लच बदलून आठ महिने: शेफिल्डच्या चढांवरचा अनुभव

क्लच बदलला फेब्रुवारीत, आता ऑक्टोबर संपत आला. मधल्या काळात गाडी साडेपाच हजार मैल फिरली. त्यातले निम्मे इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या चढउतारांवर आणि बरेचसे शेजारच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागाच्या वळणांवर. मुद्दाम इतके दिवस थांबले, कारण नवा क्लच बसला की पहिला आठवडाभर कुणालाही आपली गाडी नवी वाटते. तो कसा बसलाय हे ट्रॅफिक, पाऊस आणि चढ झाल्यावरच कळतं.

गाडी २००२ सालची माझदा एमएक्स-५. इंजिन १.८ लिटरचं, गिअर पाच, कापडी टप, दोन माणसांची जागा आणि ताकद मागच्या चाकांना. १४६ पीएस ताकद आणि १६८ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) हे आकडे आज फार वाटत नाहीत, पण गाडीचं वजन टनाच्या आसपास आहे, त्यामुळे ती हाताला हलकी लागते. हे मॉडेल १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा दिसलं आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बनली. एवढ्या गाड्या रस्त्यावर असल्यामुळे वीस वर्षं जुन्या गाडीचेही सुटे भाग इथे सहज आणि परवडणाऱ्या भावात मिळतात. मी जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं धाडस केलं ते त्याच भरवशावर. घेतली तेव्हा ८४ हजार मैल झाले होते. फाइलमध्ये क्लचची एकही पावती नव्हती, म्हणजे बहुधा कारखान्यातून आलेलाच क्लच चालू होता.

दुखणं दोन बाजूंनी सुरू झालं. नोव्हेंबरात सकाळी पहिला गिअर टाकताना अडायचा आणि रिव्हर्सला खर्र आवाज यायचा. महिन्याभरात दुसरं लक्षण दिसलं. मीडोहॉल मॉलहून परतताना जेनकिन रोड लागतो. २०१४ च्या टूर द फ्रान्सची सायकल शर्यत याच चढावरून गेली होती आणि एका ठिकाणी त्याची चढण ३३ टक्के आहे. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला तर इंजिनचा आवाज चढला आणि गाडी आहे त्याच चालीने सरकत राहिली. चढ संपल्यावर काच खाली केली तर जळका वास.

पहिल्या गॅरेजने गाडी लिफ्टवर न घेताच गिअरबॉक्स गेल्याचं सांगितलं आणि मोठा आकडा काढला. मी मुकाट्याने घरी आले आणि वाईला आण्णांना फोन लावला. आण्णा एसटीत चालक होते. पसरणीच्या घाटातून पाचगणी-महाबळेश्वरच्या फेऱ्या त्यांनी वर्षानुवर्षं केल्या.

"पायडल दोनदा मारल्यावर गिअर पडतो का?" त्यांनी विचारलं.

"पडतो, आण्णा."

"मग गिअरबॉक्सला कशाला हात लावायचा? तेल कुठं गळतंय ते बघ आधी. आणि घसरतोय तो वेगळा आजार आहे, दोन्हीची गल्लत करू नकोस."

क्लचची तक्रार असलेल्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते. क्लच सुटत नाही ही एक गोष्ट आणि क्लच धरत नाही ही दुसरी. सुटत नसेल तर गिअर अडतात, खरखरतात, आणि तिथे संशय आधी हायड्रॉलिक्सवर घ्यायचा. या गाडीत पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून तेलाचा दाब स्लेव्ह सिलिंडरला जातो आणि तो गिअरबॉक्सच्या घंटेवरचा (पुढच्या घंटेच्या आकाराच्या आवरणातला) फोर्क ढकलतो. स्लेव्ह बाहेरच्या बाजूला दोन बोल्टवर बसलेला असतो आणि या मॉडेलमध्ये तो गळण्याबद्दल नावाजलेला आहे. त्याची रबरी टोपी बोटाने सरकवली तर आतून तेल ओघळलं. स्लेव्ह बदलला, हवा काढली, आणि गिअर लोण्यासारखे पडू लागले.

घसरणं मात्र तसंच होतं. त्याची परीक्षा सोपी आहे. मोकळा, सपाट रस्ता बघायचा, पाचव्या गिअरमध्ये ताशी ५० मैलांवर यायचं आणि अॅक्सिलरेटर एकदम तळाला दाबायचा. क्लच धडधाकट असेल तर इंजिनचे फेरे आणि वेग सोबत वाढतात. माझी फेऱ्यांची सुई २८०० वरून टुणकन ३५०० वर गेली आणि वेगाची सुई जागची हलली नाही. इथे दरवर्षी होणाऱ्या एमओटी तपासणीत क्लच बघतच नाहीत, त्यामुळे ताजं प्रमाणपत्र असलेली गाडी घेतानाही ही परीक्षा आपली आपणच करावी लागते.

काम दिलं ते रॉदरहॅमच्या बाजूच्या एका छोट्या वर्कशॉपला. तिथे फक्त याच मॉडेलच्या गाड्या येतात. मालकाने मला शेजारी उभं राहू दिलं याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे.

क्लच बदलायचा म्हणजे तास-दोन तास भोवतालचं सगळं सोडवत बसायचं असतं. बॅटरीची तार काढली. आतून कन्सोल आणि गिअरचा दांडा काढला. खालून एक्झॉस्टचा पाइप, प्रॉपेलर शाफ्ट, आणि मग गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारी ती लांब अॅल्युमिनियमची चौकट. गिअर बदलताना दांडा हातात इतका घट्ट आणि नेमका वाटतो त्याचं बरंचसं श्रेय या चौकटीला आहे, पण काम करणाऱ्याला तिचे बोल्ट घाम फोडतात. घंटेचे वरचे बोल्ट आणि स्टार्टरचा वरचा बोल्ट डोळ्यांना दिसतच नाहीत. हातभर लांबीच्या एक्स्टेन्शनने, निव्वळ स्पर्शाने ते सोडवताना मी पाहिले. घरी अंगणात हे काम होतं, दोन दिवसांत होतं, पण दोन माणसं आणि गिअरबॉक्स पेलणारा जॅक असल्याशिवाय कुणी खाली शिरू नये.

गिअरबॉक्स खाली आला आणि प्रेशर प्लेट निघाली तेव्हा मालकांनी धूळ फुंकू दिली नाही, ओल्या फडक्याने टिपून घेतली. ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. त्याआधीच्या गाड्यांच्या प्लेटमध्ये ते असू शकतं, आणि तेव्हापासूनची शिस्त त्यांनी सोडलेली नाही.

जुनी प्लेट, म्हणजे फ्लायव्हील (इंजिनला जोडलेलं जड चाक) आणि प्रेशर प्लेट यांच्यात दाबली जाणारी अस्तराची तबकडी, हातात घेतली. रिव्हेटच्या डोक्यावर ०.३ मिलिमीटर तरी अस्तर हवं असतं. माझ्या प्लेटवर अर्ध्याहून अधिक रिव्हेट अस्तराच्या पातळीला येऊन चकाकत होते. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग कानाशी धरून बोटाने फिरवलं तर आत वाळू असल्यासारखी कुरकुर. आणि फ्लायव्हीलवर रिव्हेटांनी ओरखडलेली दोन वर्तुळं, त्यांच्यामध्ये पैशाएवढे निळे-जांभळे ठिपके.

मी धातुशास्त्राची. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, आता पोलादाच्या या गावात काम करते. त्या ठिपक्यांपाशी मी बराच वेळ रेंगाळले. तापलेल्या पोलादावर निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसला चढतो, आणि बिडाच्या फ्लायव्हीलवरही तो उष्णतेची अशीच साक्ष देतो. पण काही ठिपक्यांत केसासारख्या बारीक भेगा होत्या. तिथे पृष्ठभाग क्षणभर सातशेच्याही वर तापलेला असणार आणि आजूबाजूच्या थंड धातूने तो लगेच विझवलेला असणार. म्हणजे पाणी दिलेल्या छिन्नीसारखा तेवढाच ठिपका कडक होऊन बसतो. तसंच फ्लायव्हील ठेवून वर नवी प्लेट टाकली तर ती त्या कडक ठिपक्यांवर थरथरते. नवा क्लच बसवूनही गाडी उचलताना हिसके देते अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं.

म्हणून फ्लायव्हील मशीनिंगला पाठवलं, आणि तेही लेथवर न देता ग्राइंडिंगला. लेथचं टूल कडक ठिपक्यावरून उडी मारतं आणि तिथे उंचवटा राहतो, ग्राइंडिंगचा दगड तो सपाट करतो. या गाडीचं फ्लायव्हील एकसंध असल्यामुळे हे शक्य झालं. आजच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन भागांचं स्प्रिंगवालं फ्लायव्हील असतं. ते बिघडलं की सहसा सरळ नवंच घ्यावं लागतं आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

आता कुठला क्लच घ्यायचा हा प्रश्न. ओळखीतल्या दोघांनी कडक स्प्रिंगचा 'स्पोर्ट्स' क्लच घे म्हणून आग्रह केला. मी घेतला नाही आणि आठ महिन्यांनंतर त्या निर्णयाबद्दल पूर्ण समाधानी आहे. इंजिनला टर्बो बसवलेला नसेल तर १६८ न्यूटन-मीटर धरायला मूळ मापाची २१५ मिलिमीटरची प्लेट भरपूर आहे. कडक क्लचमध्ये पकड जास्त मिळते, पण पेडल जड होतं आणि गाडी चढावर अलगद उचलायची मुभा जाते. शेफिल्डमध्ये सिग्नल चढावरच असतात. मी एक्सेडी या जपानी कंपनीचा मूळ मापाचा संच घेतला. त्यात प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग येतं.

संच १४५ पौंडांना पडला, ग्राइंडिंगचे ४५, आणि क्रँकचं मागचं ऑइल सील, पायलट बेअरिंग, स्लेव्ह सिलिंडर, गिअरबॉक्सचं तेल मिळून साधारण ८५. मजुरी सहा तासांची. सगळं धरून साडेसहाशे पौंडांच्या आत बसलं. ऑइल सील गळत नव्हतं, तरी बदललं. सील काही पौंडांचं असतं, पण उद्या ते गळलं तर तेल थेट नव्या प्लेटवर येणार आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची सहा तासांची मजुरी भरावी लागणार. काटकसर करायचीच असेल तर ती इथे करू नका.

दांडा बाहेर होताच, तर त्याच्या बुडाची नायलॉनची वाटीही नवी टाकली. तिथे गिअरबॉक्सच्या मुख्य तेलापासून वेगळं, छोटंसं तेलाचं कुंड असतं. माझं जवळजवळ कोरडं होतं. गिअर जड पडतात म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ते कधी उघडून पाहिलं असेल?

पहिले ५०० मैल सांभाळून काढले. गावातल्या गावात, भरपूर थांबत-निघत, कुठेही इंजिन ताणलं नाही. पहिले दोनएक आठवडे सकाळी गाडी उचलताना हलकीशी थरथर जाणवायची. अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांना घासून एकजीव होईपर्यंत असं होतं हे आधीच सांगितलं होतं. ३०० मैलांच्या पुढे ती थांबली आणि पुन्हा आलेली नाही.

सगळ्यात मोठा फरक पायाला कळतो. आधी पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी पकडायची आणि पेडलही जड झालं होतं. हे इतक्या हळूहळू घडत आलं होतं की माझ्या पायाने ते मुकाट स्वीकारलं होतं. आता पकड मध्याच्या जरा खाली सुरू होते आणि दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यात पूर्ण होते. स्नेक पास या घाटरस्त्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना फेरे जुळवून पेडल सोडलं की कुठे जोड लागला ते कळतही नाही. जेनकिन रोडवर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आता निमूट चढते. वास नाही, नुसता वाढलेला आवाज नाही. जुलैत टप उघडून बक्स्टनपर्यंत गेले होते आणि येताना पूर्ण वेळ मला पेडलचा विचारसुद्धा आला नाही.

जे सुधारलं नाही तेही लिहिते. इंजिन थंड असताना दुसरा गिअर पहिली पाच-सात मिनिटं अजून अडतो. नव्या तेलाने फरक पडला, पण दोष गेला नाही. तो गिअरबॉक्सच्या सिंक्रोचा (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्यांचा) आहे आणि क्लच बदलून जाण्यातला नाही. तो जाईल या आशेने कुणी क्लचवर पैसे घालू नयेत.

राहता राहिली माझी सवय. जुन्या प्लेटचा फोटो आण्णांना पाठवला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सिग्नलला गाडी कशावर धरतेस?" हाफ क्लचवर धरत होते. पुण्यात स्कूटरनंतर थेट कार शिकले, तेव्हा चढावर गाडी मागे जाईल या भीतीने लागलेली ती खोड इतकी वर्षं तशीच होती. मागे लोटणारी गाडी क्लचवर तोलायची म्हणजे प्लेट फ्लायव्हीलवर सतत घासत ठेवायची. ते निळे ठिपके तिथून आले. आता थांबले की हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, पाय जमिनीवर. निघताना आधी पकड येऊ द्यायची, नाक किंचित उचललं की हँडब्रेक सोडायचा. पहिला महिना मागच्या गाड्यांच्या हॉर्नची धास्ती वाटायची. ती गेली.

थंडी पुन्हा जवळ आली आहे आणि गेल्या वर्षी दुखणं याच दिवसांत सुरू झालं होतं. म्हणून मागच्या रविवारी गाडी रॅम्पवर चढवून खाली शिरले आणि स्लेव्हची रबरी टोपी सरकवून आत बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं.