नाशिक ते गुवाहाटी, पार्ट लोडने: दादाचे स्पीकर सुखरूप पोचले

दादा गेल्यावर वहिनी गंगापूर रोडचं घर सोडून लहान फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिथे त्याचे स्पीकर मावणार नव्हते. सगळे म्हणत होते, विकून टाका. भाची मात्र अडून बसली. "आत्या, बाबांचे स्पीकर मला हवेत. खर्च मी करते, तू फक्त धड पोचव." ती बँकेच्या नोकरीत, बदली गुवाहाटीला. म्हणजे नाशिकहून अडीच हजार किलोमीटरच्या वर. मी सव्वीस वर्षं नाशिकच्या अंबड वसाहतीत इलेक्ट्रिक पॅनेलच्या कारखान्यात डिस्पॅच, म्हणजे माल पाठवायचं काम, सांभाळलं आहे. त्यामुळे काम माझ्याकडेच आलं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचं नव्हतं.

स्पीकर म्हणजे क्लिप्श कॉर्नवॉलची जोडी. हे अमेरिकन मॉडेल 1959 सालचं. कोपऱ्यातही ठेवता येतं आणि भिंतीलाही, म्हणून कॉर्नर आणि वॉल जोडून हे नाव. दादाने कुवेतला नोकरी करत असताना घेतले होते. 15 इंची वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, वर दोन हॉर्न, म्हणजे कर्णे. उंची साधारण 91 सेंटिमीटर, रुंदी 64, खोली 39, आणि एकेकाचं वजन 45 किलोच्या आसपास. उचलायला दोन माणसं लागतात आणि बोटं अडकवायला कुठेही खाच नाही. लाकडी व्हिनियर तळहाताखालून सटकतं.

आधी वाईट अनुभव सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच ठरलं. काही वर्षांपूर्वी दादाने चेन्नईहून एक जुनी जोडी कुरिअरने मागवली होती. पाठवणाऱ्याने पुठ्ठ्याचं खोकं आणि थर्माकोल एवढंच वापरलं होतं. खोकं बाहेरून ठीक दिसत होतं, एक कोपरा दबलेला तेवढा. पण एका वूफरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, बोटांनी हलकेच दाबला की खर्रर्र आवाज यायचा. वूफरच्या पाठीमागचं मॅग्नेट जड असतं आणि बहुतेकदा गोंदाने चिकटवलेलं असतं. स्पीकर आपटला की ते केसभर सरकतं आणि व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी, ज्या फटीत पुढेमागे हलते ती फट एका बाजूने बंद होते. बाहेर ओरखडाही नाही आणि आत वूफर मेलेला. भरपाई मागितली तर पॅकिंग अपुरं होतं आणि बिलावर मालाची जोखीम मालकाची लिहिली आहे, असं उत्तर आलं. दादा त्या दिवशी जेवला नाही.

म्हणून या वेळी तीन मार्ग तपासले. पॅकर्स-मूव्हर्सवाल्याने 26,000 सांगितले, आणि पॅकिंग कसं करणार विचारलं तर "बबल आणि पुठ्ठा, मॅडम, काळजी नको" एवढंच. विमानाने पाठवायचं तर वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल ते धरतात. आकारमानासाठी लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागायचं. माझं खोकं त्या हिशेबाने 175 किलोच्या वर जात होतं, म्हणजे पॅकिंग सोडून पंधरा हजारांच्या घरात. रेल्वे पार्सलचाही विचार केला, पण नाशिकरोडला गाडी काही मिनिटंच थांबते. तेवढ्या वेळात असला जड नग डब्यात चढवायचा म्हणजे घाई, आणि घाईत हात सुटतो. राहिला पार्ट लोड. तुमचा एक नग, बाकी ट्रक इतरांच्या मालाचा.

पार्ट लोडची सगळ्यांना वाटणारी भीती खरी आहे. माल वाटेत दोन-तीनदा उतरतो, चढतो. पण डिस्पॅचमध्ये मी जे रोज पाहिलं ते असं की आपटतो तो पंचवीस-तीस किलोचा नग. तो एका माणसाला जेमतेम उचलता येतो, म्हणून एकटाच उचलतो आणि शेवटच्या वीतभर अंतरावर सोडून देतो. सव्वाशे किलोचा नग कोणी सोडत नाही, कारण कोणी उचलतच नाही. त्याला फोर्कलिफ्ट लागते, नाहीतर पॅलेटची, म्हणजे मालाखालच्या लाकडी पाटाची, हातगाडी. म्हणून जड स्पीकर पाठवायचे असतील तर ते आणखी जड करा. दोन्ही स्पीकर एकाच खोक्यात, खाली पॅलेट, पॅलेटला फोर्कलिफ्टचे काटे शिरायला दहा सेंटिमीटरची फट. वेगवेगळी दोन खोकी करून प्रत्येकी साठ-सत्तर किलोवर आणणं हे सगळ्यात धोक्याचं. दोघे हमाल ते उचलायचा प्रयत्न करणारच, आणि त्यांच्या कमरेचा दोष नाही.

खोकं अंबडच्या एक्सलो पॉइंटच्या मागे मशिनरीचं पॅकिंग करणाऱ्या सुताराकडून करून घेतलं. घेतले 6,400. महाग वाटेल, पण काम बघा. पाईनचं पॅलेट, 12 मिलिमीटर प्लायच्या भिंती, कोपऱ्यांना आतून पट्ट्या, आणि सगळीकडे स्क्रू. खिळा ठोकताना आतल्या मालाला हादरे बसतात, उघडताना पहारेने उचकटावं लागतं आणि पुढे ते खोकं परत वापरता येत नाही. हे मी सांगायच्या आधीच त्याने स्क्रूचा डबा काढला होता.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमेना. तो तळाला फोमची अखंड शीट घालणार होता. फोम म्हणजे ईपीई, टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा. पण 45 किलो वजन पूर्ण शीटवर पसरलं तर फोम दबतच नाही. तो लाकडासारखा वागतो आणि धक्का जसाच्या तसा वर पोचवतो. मी प्रत्येक स्पीकरखाली फक्त चार कोपऱ्यांना 15 बाय 15 सेंटिमीटरचे, 50 मिलिमीटर जाडीचे तुकडे ठेवायला लावले. तेवढ्यावर वजन आलं की फोम थोडा बसतो आणि धक्का गिळतो. थर्माकोल इथे कामाचा नाही. तो एकदा दबला की परत फुगत नाही, मग पुढच्या हजार किलोमीटरमध्ये स्पीकर खोक्यात नाचतो.

स्पीकर मी स्वतः गुंडाळले. आधी दादाचीच जुनी सुती धोतरं, मग प्लास्टिक. बबल रॅप थेट पॉलिशला लावला तर उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये त्याचे गोल ठसे उठतात आणि ते पुसून जात नाहीत. कॉर्नवॉलला खाली हवेसाठी आडव्या फटी आहेत. त्या कापडाने बुजवल्या, गोडाऊनमधले उंदीर कुठेही शिरतात. समोरच्या जाळीला काही टेकू नये म्हणून पुढे कडेकडेनेच फोम देऊन प्लाय उभा केला. दोन्ही स्पीकर उभेच, तोंडं समोरासमोर, मध्ये तो प्लाय. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या चार.

आणि प्रत्येक स्पीकरच्या पाठीमागची लाल-काळी टर्मिनल, म्हणजे अँप्लिफायरच्या तारा लावायच्या जागा, तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडून टाकली. हे फार जणांना माहीत नसतं. वूफरचा कोन हादऱ्याने पुढेमागे होतो तेव्हा कॉइल स्वतःच वीज तयार करते. टर्मिनल जोडलेले असले की तीच वीज ब्रेकसारखी उलटी लागते आणि कोन कमी हलतो. फुकटचं संरक्षण आहे. मात्र अँप्लिफायर लावायच्या आधी तार काढलीच पाहिजे, नाहीतर अँप्लिफायर जळू शकतो. झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करने हातभर अक्षरात तसं लिहून ठेवलं.

बाहेरून माप भरलं 78 बाय 97 बाय 116 सेंटिमीटर, म्हणजे 31 घनफूट. काट्यावर 141 किलो.

ट्रान्सपोर्टचं गोडाऊन आडगावच्या ट्रक टर्मिनसकडे. तिथपर्यंत छोटा हत्ती केला, 700 रुपये. ट्रान्सपोर्ट निवडताना मी दर शेवटी विचारला. आधी विचारलं, नाशिकला आणि गुवाहाटीला दोन्हीकडे फोर्कलिफ्ट आहे का, आणि मधे माल कुठे कुठे बदलतो. दोघांनी "होऊन जाईल" म्हटलं, त्यांना सोडलं. तिसरा बुकिंगवाला माणूस खुर्चीतून उठला, मला आत नेऊन फोर्कलिफ्ट दाखवली आणि वहीत बघून सांगितलं: भिवंडी, कोलकाता, मग सिलिगुडीवरून गुवाहाटी. वर म्हणाला, "ताई, वर दुसरा माल ठेवू द्यायचा नसेल तर झाकण सपाट ठेवू नका." त्याने दोन तिरक्या पट्ट्या स्क्रूने मारून झाकणाला छपरासारखा उंचवटा करून दिला. पैसे घेतले नाहीत. हा रिव्ह्यू लिहायला बसले त्याचं निम्मं कारण तो माणूस आहे.

भाडं घनफुटाला 6 किलो धरून 186 किलोचं लावलं, किलोला 17 रुपये, 3,162. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, 100, हमाली 300, तिकडे घरपोच 900. जोखमीचा रकाना तेवढा नीट बघा. बिल्टीवर सहसा ओनर्स रिस्क, म्हणजे जोखीम मालकाची, आधीच छापलेलं असतं. मी किंमत दीड लाख जाहीर करून कॅरिअर्स रिस्क, म्हणजे जोखीम वाहतूकदाराची, लिहून घेतलं, त्याचे 1,500 जास्त पडले. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित आहे, पाठवणाऱ्याने बुकिंगच्या वेळी जास्त किंमत जाहीर केली असेल तरच ती वाढते. नंतर भांडून उपयोग नाही. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद, मात्र लागलं नाही. वापरलेल्या घरगुती सामानाला सूट आहे. तसं साध्या कागदावर लिहून, सही करून, आधारची झेरॉक्स जोडली. पॅकिंग आणि हत्ती धरून सगळे मिळून 13,062.

बुक केलं फेब्रुवारीत मुद्दाम, तिकडचा पाऊस सुरू व्हायच्या आत. खोकं आधी उलट दिशेला, कसारा घाट उतरून भिवंडीला गेलं. चौथ्या दिवशी तेच खोकं कोलकात्याच्या ट्रकमधून आग्रा रोडने पुन्हा नाशिक ओलांडून धुळ्याकडे निघालं. त्या संध्याकाळी मी नाशिकमधल्याच द्वारका चौकात भाजी घ्यायला गेले होते आणि पुलावरच्या प्रत्येक ट्रककडे बघत होते.

तक्रारी दोन. ट्रॅकिंगचा मेसेज कोलकात्यानंतर पाच दिवस आलाच नाही, फोन करकरून विचारावं लागलं. आणि घरपोचचे 900 घेऊनही गुवाहाटीत माल फाटकाशीच उतरला. पहिल्या मजल्यावर न्यायला भाचीने 800 देऊन चार माणसं लावली. घरपोच म्हणजे दारापर्यंत की फाटकापर्यंत, हे बुकिंगलाच लिहून घ्यायला हवं होतं. मी ते विसरले. एवढ्यासाठी पाचातला एक तारा कापते.

तेराव्या दिवशी खोकं उघडलं तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होते. धक्का बसला की लाल होणारी दोन स्टिकर लावली होती, एक खोक्यावर बाहेरून, एक आत स्पीकरच्या पाठीवर. बाहेरचं लाल झालेलं. भाचीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, आतलं बघ. आतलं पांढरं होतं. खोक्याला कुठेतरी चांगला दणका बसला होता, पण तो फोमच्या त्या तुकड्यांतच जिरला. पॉलिशवर एक रेघ नाही. तिने जाळीवरून हलकेच हात ठेवून वूफरचा कोन दाबला, मला फोनवर ऐकवला. काही खरखर नाही. मग तार काढली. मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

वहिनी माझ्या शेजारी बसली होती. रेडिओच्या वेळी दादा आवाज जेवढा ठेवायचा तेवढाच ठेव, असं तिने सांगितलं.

खोकं मोडू दिलं नाही. प्लायचे तुकडे सुटे करून भाचीने पलंगामागे उभे ठेवलेत, स्क्रू एका पिशवीत, पिशवी वूफरच्या बाजूच्या तुकड्याला चिकटवलेली. तीन वर्षांनी तिची परत बदली आहे.