स्टिकर काढलेला ईसीयू

जुन्या गाडीला टर्बो बसवून वेगळा ईसीयू, म्हणजे इंजिनाचं पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा संगणक, शोधणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. पुण्यात एक जण 'इम्पोर्टेड स्टँडअलोन' (मूळ ईसीयूच्या जागी बसणारा स्वतंत्र ईसीयू) म्हणून जे खोकं विकतो, ते मी एक लाख पस्तीस हजारांना घेतलं. मॅपिंगचे, म्हणजे किती पेट्रोल आणि कधी ठिणगी याचे तक्ते (मॅप) गाडीनुसार भरण्याचे, पंचवीस हजार वेगळे. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे नाव देत नाही. पण नावापेक्षा त्याची पद्धत माहीत असलेली बरी, कारण असा माणूस एकच असेल असं मला वाटत नाही.

गाडी जुनी मारुती बलेनो. आत्ताची हॅचबॅक नव्हे, एसएक्स४ येण्याआधीची सेडान. १.६ लिटर, कंपनीतून ९४ बीएचपी. तिला छोटा टर्बो, मोठे इंजेक्टर, इंटरकूलर असं सगळं लागलं होतं. अशा गाडीत मूळ ईसीयू टिकत नाही. त्याचा मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा, हवेच्या नेहमीच्या दाबापुरताच बनवलेला असतो. टर्बोने त्यावर अर्धा बार चढवला की ईसीयूला ते कळतच नाही, आणि तो जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडत राहतो. पोलो टीएसआयसारख्या गाडीत कंपनीचाच ईसीयू रीमॅप करून, म्हणजे त्यातले तक्ते बदलून भागतं, काही गाड्यांना मूळ ईसीयूला जोडायचा पिगीबॅक पुरतो. माझ्या गाडीला स्टँडअलोनच हवा होता, एवढं त्याचं म्हणणं खरं होतं.

"ऑस्ट्रेलियाचा माल आहे दादा, कस्टम वाचवायला स्टिकर काढून मागवतो," असं त्याने सांगितलं. काळ्या ॲल्युमिनियमचा डबा, त्यावर ना नाव ना सीरियल नंबर. यूएसबीच्या तोंडावर चकचकीत 'वॉरंटी सील'. आत लॅपटॉप लावायचा नाही, लावला तर वॉरंटी गेली. मॅपिंगचं सॉफ्टवेअर फक्त डीलरकडे, मॅप लॉक केलेला, पासवर्ड कंपनीचा. बिल मागितलं तर, "जीएसटी लावला की अठरा टक्के तुमच्याच डोक्यावर." हाती आली ती कच्ची पावती, तिच्यावर 'ईसीयू कम्प्लीट' एवढाच मजकूर.

यातलं प्रत्येक कारण सुटं ऐकलं तर पटतं. इंजिन ट्यून करणारे आपापले मॅप जपतात, ते खरंच आहे. कस्टमची रडगाणी आपण सगळ्यांकडून ऐकतो. पण सगळी कारणं एकाच दिशेला बोट दाखवत होती: डब्यात काय आहे ते गिऱ्हाइकाने बघू नये.

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा सोबत डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, रंगीत कागद होता. ६००० आरपीएमला १८० बीएचपी, त्याच ओळीत टॉर्क १६५ न्यूटन मीटर. कुणीही असा कागद पुढे केला की हा गुणाकार तिथल्या तिथे करा: टॉर्क न्यूटन मीटरमध्ये, गुणिले आरपीएम, भागिले ७१२१, की बीएचपी येतं. १६५ गुणिले ६००० भागिले ७१२१, उत्तर येतं १३९ च्या आसपास. बीएचपी आणि टॉर्क या दोन वेगळ्या मोजण्या नाहीत. डायनो एक मोजतो आणि दुसरी त्यातून काढतो, त्यामुळे एका ओळीतले दोन आकडे एकमेकांशी भांडूच शकत नाहीत. भांडत असतील तर तो कागद डायनोतून नाही, फोटोशॉपमधून निघालाय. टॉर्क पौंड-फूटमध्ये असेल तर भाजक ५२५२, आणि दोन्ही रेषा एकाच मापाच्या अक्षावर असतील तर त्या ५२५२ आरपीएमलाच एकमेकींना छेदायला हव्यात. माझ्या कागदावर त्या ४३०० च्या जवळ छेदत होत्या, अक्षावर कुठलंही एकक लिहिलेलं नव्हतं.

गाडी वरच्या आरपीएमला मिसिंग मारायची. प्लग बदला म्हणाला, बदलले. पंप कमी पडतोय म्हणाला, नाना पेठेतून पंप आणला. मग आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या जादा दाबावर) इंजिनचा आवाज बदलला आणि ब्रीदरच्या नळीतून धूर यायला लागला. गाडी टोइंगवर घरी आली. कॉम्प्रेशन मोजलं तर तिसरा सिलिंडर गेलेला. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढला, तर दोन रिंगांच्या मधली कड तुटून पडली होती. नॉकिंगने, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी आपोआप भडकल्याने, पिस्टन जातो तो असाच.

यावर त्याचं उत्तर, "पेट्रोल भेसळीचं असणार."

इंजिन बांधायला दुसऱ्या गॅरेजला दिलं. तिथले वायरिंग करणारे काका कमी बोलतात. त्यांनी आधी हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, टेप सोडवली. नॉक सेन्सरचे मी वेगळे पैसे दिले होते आणि सेन्सर ब्लॉकवर बसवलेलाही होता. त्याची वायर मात्र हार्नेसमध्ये एक वीत जाऊन टेपमध्ये गुंडाळून संपली होती, डब्यापर्यंत पोचलीच नव्हती. मग मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून आम्ही ते सील काढलं आणि लॅपटॉप जोडला. विंडोजने पोर्टचं नाव दाखवलं सीएच३४०. आर्डुइनोच्या स्वस्त नकलांवर यूएसबीसाठी सर्रास दिसणारी ही चिप. काकांनी ट्यूनरस्टुडिओ हे मॅपिंगचं सॉफ्टवेअर उघडलं आणि डबा शोधायला सांगितला, तर त्याने स्वतःहून ओळख दिली: स्पीडुइनो. पासवर्ड कुणीच विचारला नाही. सगळा मॅप समोर उघडा.

स्पीडुइनो ठाऊक नसणाऱ्यांसाठी: आर्डुइनो मेगा २५६० या बोर्डावर चालणारा हा मुक्तस्रोत ईसीयू आहे. आराखडे आणि प्रोग्रॅम कुणालाही फुकट मिळतात, आणि जुळणीसकट खर्च वीस हजारांच्या आतबाहेर बसतो. तो सुरू करणारा माणूस ऑस्ट्रेलियन आहे, म्हणजे 'ऑस्ट्रेलियाचा माल' ही थाप तशी मुळापासून खोटी म्हणता येणार नाही! साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाला हा बोर्ड व्यवस्थित चालवतो. त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. वीस हजारांची वस्तू तिचं नाव पुसून एक लाख पस्तीस हजारांना विकली आणि ती नीट लावायचे कष्टही घेतले नाहीत, तक्रार त्याची आहे.

कष्ट घेतले नव्हते हे मॅपमध्येच दिसत होतं. इग्निशनच्या तक्त्यात १०० किलोपास्कलला, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाला, जेवढा ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पाडायची ते), तेवढाच १५० ला. बूस्ट चढला की ठिणगी मागे घ्यावी लागते, हे या धंद्यातलं मुळाक्षर. पेट्रोलच्या तक्त्यात १०० च्या वरच्या सगळ्या रांगा एकीची नक्कल दुसरीत. म्हणजे पंचवीस हजारांचं मॅपिंग झालंच नव्हतं, कुठून तरी उचललेला बेस मॅप, म्हणजे नुसता सुरुवातीचा कच्चा तक्ता, टाकून गाडी हवाली केली होती.

खरा घोळ दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा. या बोर्डावर बहुधा २.५ बारचा सेन्सर असतो. त्याने बाहेरून तीन बारचा लावला, पण सेटिंग आधीच्याच सेन्सरचं राहू दिलं. त्यामुळे प्रत्यक्षात १५० किलोपास्कल दाब असताना डबा १२८ वाचायचा आणि साधारण चौदा टक्के पेट्रोल कमी सोडायचा. बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण साडेअकरा-बाराच्या आसपास लागतं. मिश्रण लीन (पेट्रोल कमी), ठिणगी पुढे, नॉकिंग ऐकणारं कुणी नाही. पिस्टन तुटला नसता तरच नवल.

हे पकडायला लॅपटॉप, एक केबल आणि दोन मिनिटं पुरतात. इंजिन बंद, किल्ली चालू, मॅप सेन्सरचा आकडा बघा. इंजिन फिरत नसताना तिथे बाहेरच्या हवेचाच दाब दिसला पाहिजे: मुंबईत समुद्रसपाटीला १०१ च्या जवळ, पुण्यात ९५ च्या जवळ. माझा डबा ८५ दाखवत होता. एवढा दाब हवा असेल तर गाडी महाबळेश्वरच्याही वर न्यावी लागेल.

ईसीयू निवडताना नाव न्यूझीलंडच्या लिंकचं आहे, ऑस्ट्रेलियाच्या हॉलटेकचं, पोलंडच्या ईसीयूमास्टरचं की घरी जुळवलेल्या बोर्डाचं, याला मी आता दुसरा नंबर देतो. आधी विचारायचं ते हे: सीरियल नंबर काय, तो मी स्वतः कंपनीला मेल करून तपासू का? मॅपची फाइल आणि पासवर्ड मला मिळेल का? हा माणूस उद्या दुकान बंद करून गेला तर शहरात दुसरं कोण हे सॉफ्टवेअर चालवतं? क्रँकचं फिरणं मोजणारा सेन्सर व्हीआर प्रकारचा आहे की हॉल, आणि डबा त्याला चालतो का? वाइडबँड, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर, लावणार ना? शेवटच्या प्रश्नाला तो मला म्हणाला होता, "गेज लावला की पोरं त्यातच बघत बसतात." लॅम्बडा, म्हणजे तेच प्रमाण, न बघता बूस्टचं मॅपिंग करणारा एकतर जादूगार असतो किंवा मॅपिंग करतच नसतो.

पैसे परत मागितल्यावर त्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं. "केस करा की. आरसीवर टर्बो आहे का? तुमचीच गाडी आत जाईल." हे वाक्य अनेकांना गप्प करतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि असे बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाहीत हेही खरं. पण माझ्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं: तक्रार गाडीची नाही. एक वस्तू दुसरी म्हणून विकली, बिल दिलं नाही, पैसे घेतलेलं काम केलं नाही, याची आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली, त्याने दाद दिली नाही, मग जिल्हा आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पावती कच्ची होती, तरी पैसे यूपीआयने गेले होते आणि 'इम्पोर्टेड' हा शब्द त्याच्या व्हॉट्सॲप व्हॉइस नोटमध्ये स्वच्छ ऐकू येतो. रोखीत दिले असते तर उभं राहायला जागाच नव्हती.

तो डबा पुरावा म्हणून वकिलांकडे आहे. गाडीत आता स्पीडुइनोच आहे, काकांनी जुळवलेला, झाकण चार स्क्रूंचं, फाइल माझ्या लॅपटॉपवर. डायनोवर चाकांपाशी १३१ बीएचपी मिळाले आणि त्या कागदावरचा गुणाकार जुळतो.

समोरच्याने वकील दिलाय. लेखी उत्तरात त्यांचं म्हणणं आहे की ग्राहकाने वॉरंटी सील तोडल्यामुळे विक्रेत्याची जबाबदारी संपते. सील तोडायच्या आधीच इंजिन गेलं होतं, त्या दिवसाची टोइंगची पावती आम्ही तक्रारीला जोडली आहे.