वॉरंटी सात वर्षांची, हप्ते पंधरा वर्षांचे

मे २०२२ मध्ये डेन्व्हरजवळच्या एका डीलरकडून आम्ही २०१७ सालची आरव्ही घेतली. क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं फिरतं घर. टायर तपासले, नळ सोडून पाहिले, ओळखीच्या मेकॅनिकला नेऊन इंजिन ऐकवलं. एवढी सगळी हुशारी करून फसलो ते सह्या करायच्या खोलीत.

इथे गाडी दाखवणारा वेगळा आणि कर्जाचे कागद करणारा वेगळा. त्या दुसऱ्याच्या खोलीत जाईपर्यंत चार तास झालेले, मुलगी पेंगलेली, बायको घड्याळाकडे बघतेय. त्याने एक गुळगुळीत रंगीत पत्रक पुढे सरकवलं. एक्स्टेंडेड वॉरंटी, सात वर्षं, ‘सगळं कव्हर’. किंमत विचारली तर म्हणाला, महिन्याला फक्त ६५ डॉलर. एकूण किंमत ६,८०० डॉलर, पण हा आकडा त्याच्या तोंडून एकदाही आला नाही, तो कागदावर बारीक अक्षरात होता. मी कां-कू केल्यावर त्याने शेवटचा पत्ता टाकला: ‘जुन्या गाडीला बँक याशिवाय कर्ज देत नाही.’

मी सही केली. बँकेला एक फोन करून विचारायला हवं होतं, ते सुचलं दोन वर्षांनी. बँकेची बाई म्हणाली, आमची अशी अट कधीच नव्हती.

मुळात ही वॉरंटीच नसते. वॉरंटी म्हणजे गाडी बनवणाऱ्याने दिलेली, गाडीच्या किमतीतच आलेली. वेगळे पैसे मोजून घेता तो ‘सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट’. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यातही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझ्या करारात विकणारा डीलर, क्लेम मंजूर करणारी दुसरी कंपनी आणि पैशाची हमी घेणारी विमा कंपनी तिसरी. तक्रार केली की प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतो.

पहिल्या वर्षी छतावरचा एसी बंद पडला. बिल २४० डॉलर, आमच्या वाट्याचे २००. म्हणजे कंपनीकडून ४० डॉलर मिळाले! एवढ्यावर मी मित्रांना सांगत सुटलो होतो की वॉरंटी घ्याच.

मे २०२४ मध्ये साताऱ्याहून आई-बाबा आले, त्यांना घेऊन आर्चेस नॅशनल पार्क बघायला यूटा राज्यातल्या मोॲबला गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे झाले, चहा झाला, निघायचं म्हणून स्लाइड-आउटचं बटण दाबलं. गाडी उभी केली की बैठकीची एक बाजू खोक्यासारखी बाहेर सरकते आणि आत जागा होते, तेच ते स्लाइड-आउट. ते आत येईना. नुसती घरघर, मग ‘कट्’ असा आवाज, मग काहीच नाही. ते बाहेर असताना गाडी रस्त्यावर काढताच येत नाही. शेजारच्या आरव्हीतल्या आजोबांनी पाना दिला, आणि दीड तास हाताने फिरवून फिरवून आम्ही ती भिंत आत घेतली.

ग्रँड जंक्शनच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, आधी खोलून बघावं लागेल, आणि कंपनीने नाही म्हटलं तर खोलायची मजुरी तुमची. खोललं. कडेचं प्लायवूड बोटाने दाबलं तर भिजलेल्या बिस्किटासारखं आत जात होतं. गाडीतली जमीन खचली होती, त्यामुळे गिअर अडकून मोटर जळाली होती. कंपनीचा माणूस चौथ्या दिवशी आला. जळालेल्या मोटरकडे त्याने ओझरतं पाहिलं आणि शिडी लावून थेट छतावर गेला. तिथे पाणी शिरू नये म्हणून सांध्यावर भरलेल्या सीलंटला वीतभर चीर होती. तिचे फोटो काढून त्याने विचारलं, दर सहा महिन्यांनी सीलंट तपासल्याच्या नोंदी आहेत का?

तपासत होतो, पण नोंदी कुठून आणू? पत्र आलं: पाणी शिरून झालेलं नुकसान, देखभालीचा अभाव, क्लेम नामंजूर. ३,९०० डॉलर खिशातून गेले. खरं सांगायचं तर तो माणूस खोटं बोलला नाही. ‘काय कव्हर नाही’ या यादीत पाणी, गंज, झीज, आधीपासून असलेला दोष हे सगळं छापलेलं होतं. आरव्हीच्या दुखण्यांची सुरुवातच बऱ्याचदा पाण्यापासून होते, आणि नेमकं तेच वगळलेलं.

घरी आल्यावर बाबांनी करार मागून घेतला. जिल्हा बँकेत आयुष्य गेलेला माणूस, चष्मा लावून वाचत बसले. ‘अरे, ही मुदत सात वर्षांची. पण हे पैसे तू कर्जात घातलेस, आणि कर्ज पंधरा वर्षांचं.’ आठ टक्के व्याजाने हिशेब केला. ६,८०० चे होणार होते जवळजवळ ११,७००. मग चष्मा काढून म्हणाले, ‘म्हणजे वॉरंटी मेल्यावर आठ वर्षं तू तिचं श्राद्ध घालणार!’

करार मध्येच रद्द करता येतो, हेही त्यांनीच शोधून काढलं. २६ महिने झाले होते. उरलेल्या मुदतीचे, ५० डॉलर कापून, ४,६४५ निघाले. पण ते माझ्या हातात आले नाहीत, थेट कर्जात जमा झाले. कर्ज लवकर फिटेल एवढंच, हप्ता मात्र तोच राहिला.

परवा ओळखीतल्या एकाने गाडी ठरवली आणि विचारलं, घेऊ का वॉरंटी? मी म्हटलं, पत्रक ठेव बाजूला, करार घरी आण. काय वगळलंय ते पान आधी वाच. कव्हर असलेल्या भागांची यादी आहे, की वगळलेल्यांची सोडून बाकी सगळं कव्हर, ते बघ. दुसरा प्रकार महाग, पण निदान वाद कमी. मजुरीचा दर किती धरतात तेही विचार, कारण गॅरेजने त्याहून जास्त घेतले तर वरचे पैसे आपले. आणि ‘आज घेतली तरच’ म्हणाला, तर उठून बाहेर ये. तो म्हणाला, डीलर करार आधी द्यायला तयार नाही. मग झालं की उत्तर!

आता एप्रिल आणि ऑक्टोबरात मी शिडी लावून छतावर चढतो. पंधराएक डॉलरची सीलंटची नळी, चिंधी आणि फोन घेऊन. प्रत्येक सांध्याचा तारखेसकट फोटो काढतो. मागणारं आता कुणी नाही, तरी काढतो.