रिठ्याचं पाणी आणि सालींचं एन्झाइम: सहा महिने वापरून

आम्ही चेंबूरला, वाशीनाक्याजवळ राहतो. रात्री माहुलकडचा वारा सुटला की कारखान्यांचा उग्र वास घरात शिरतो आणि झोपेतून उठून खिडक्या लावाव्या लागतात. सासूबाईंना दमा आहे. बाहेरच्या वासाला माझा इलाज नाही. पण मे महिन्यात बाथरूमची फरशी ऍसिडने घासली, डाग जाईना म्हणून वरून ब्लीच ओतलं, आणि घसा आवळून आला. ऍसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. त्या रात्री सासूबाईंना नेब्युलायझर लावावा लागला. ही माझीच चूक, आणि ती अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून मार्केटच्या तोंडाशी दर रविवारी बचत गटाच्या बायका टेबल लावतात, त्यांच्याकडून भांड्यांसाठी रिठ्याचं पाणी आणि लादीसाठी बायोएन्झाइम घेते. बाटली आपली न्यायची.

रिठ्याला फेस कमी. पहिले चार दिवस भांडी निघालीच नाहीत असं वाटत राहतं. चहाची, भाताची, आमटीची भांडी मात्र छान निघतात, आणि माझ्या बोटांची सालं जायची ती थांबली. बोंबील तळलेल्या तव्यापुढे रिठा हरतो. तो तवा मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवते आणि काथ्याने घासते. पावसाळ्यात द्रावण आठवडाभरात आंबतं, तेव्हा अर्धा लिटरच घ्या आणि फ्रीजमध्ये ठेवा.

बायोएन्झाइम म्हणजे गूळ, मोसंबी-लिंबाच्या साली आणि पाणी 1:3:10 या प्रमाणात घालून तीन महिने आंबवलेलं. वास आंबूस, पण लादी सुकली की जातो. नळावरचे पांढरे डाग याने सुरेख निघतात. पण ते आंबट, म्हणजे आम्ल. मी कडप्प्याच्या ओट्यावर तसंच ओतलं, आणि शेगडीच्या उजव्या बाजूला बशीएवढा पांढुरका डाग कायमचा बसला. कडप्पा हा चुनखडीचा दगड, त्याला आम्ल खातं. संगमरवराचंही तेच होतं. हे विकतानाच सांगायला हवं होतं. मी जाऊन बोलले, तर पुढच्या रविवारी प्रत्येक बाटलीवर तशी चिठ्ठी होती. म्हणून मी त्यांच्याकडेच जाते.

बाजारातल्या बहुतेक डिटर्जंटमध्ये मळ काढणारा पदार्थ लिनिअर अल्किल बेंझिनपासून करतात, आणि ते येतं रॉकेल आणि बेंझिनमधून. ज्या धंद्याच्या वासाला मी खिडकी लावते, त्याचाच माल रोज सिंकमध्ये ओतत होते, हे कळल्यावर फार लागलं. नाल्यांतलं पाणी शेवटी खाडीला जातं, आणि शिवडी-माहुलच्या चिखलात दर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. रिठाही अगदी निर्धोक नाही. त्याच्या पाण्याने माशांना गुंगी येते, पूर्वी मासे धरायला तो वापरत. पण तो झाडाला लागतो, त्यासाठी धुराडं लागत नाही.

संडासासाठी त्यांच्याकडे अजून काही नाही. मी सायट्रिक ऍसिडची पूड गरम पाण्यात कालवून रात्री ओतून ठेवते आणि सकाळी ब्रशने घासते. ब्लीचची बाटली घरात ठेवलेली नाही.